बाथरूमला वास येतोय? टाइल्स बसवायच्या आधी हवेचा पाइप बघा

सुगी आटोपली की गावोगावी घरांची कामं निघतात. जुन्या घरावर मजला चढतो, आतच संडास-बाथरूम होतं. टाइल्स कुठल्या यावर घरात चार दिवस चर्चा चालते, हवेच्या पाइपाचं मात्र कुणी नाव काढत नाही. मग महिन्याभरात वास सुटतो आणि बोलणी बसतात घरच्या बाईला, नीट धुत नाही म्हणून.

मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण 2 इंच पाणी कायम साठून राहतं. टाकीतला गॅस आणि झुरळं अडवतं ते हे पाणीच. फ्लश केला की 4 इंची पाइपातून पाणी जोरात खाली जातं आणि मागून हवा ओढतं. वरून हवा मिळाली नाही तर ते ट्रॅपमधलं पाणीच ओढून घेतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात पडतं, दुसरं पाडलं की सरळ धार लागते, तसंच हे. फ्लश केल्यावर मोरीतून गुडगुड आवाज आला तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

आधी एक परीक्षा करा. मोरीत तांब्याभर पाणी ओता. वास थांबला आणि फ्लश केल्यावर परत आला, तर हवेची अडचण आहे. घर पंधरा-वीस दिवस बंद होतं म्हणून वास असेल, तर ट्रॅप नुसता वाळलाय.

उपाय सोपा आहे. संडासाचा उभा पाइप वरच्या जोडाशी टोपण लावून बंद करू नका, तोच सरळ स्लॅबच्या वर न्या. वर जाळीची टोपी बसवा, म्हणजे डास आणि पालापाचोळा जाणार नाही. तोंड खिडकीजवळ नको. पावसाच्या पाण्याचा पाइप त्यात जोडू नका. गवंडी सामान वाचवायला हे हमखास करतात.

सेप्टिक टँकला (आपल्याकडची सेफ्टी टाकी) वेगळा पाइप लागतो. भारतीय मानकाप्रमाणे तो किमान 50 मिलिमीटर, म्हणजे 2 इंची हवा. टाकी घरापासून 15 मीटरच्या आत असेल तर त्याचं तोंड घराच्या माथ्यापेक्षा साधारण 2 मीटर, म्हणजे साडेसहा फूट उंच ठेवायचं. दोन शोषखड्ड्यांच्या संडासाला मात्र हा पाइप लागत नाही, तिथं गॅस मातीत जिरतो.

पाइप नसलेल्या बंद टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतो. पहिला पेट घेतो, दुसरा माणसाला बेशुद्ध पाडतो. झाकण उघडताना काडी, विडी जवळ नको. पाइप बसवायला म्हणून आत कुणाला उतरवू नका, काम बाहेरूनच होतं.