न पिणाऱ्यांची मोजदाद

१६३९ साली हार्वर्ड कॉलेजचे पहिले प्रमुख नथॅनिएल ईटन यांना पदावरून दूर करण्यात आले. सहाय्यकाला दांडक्याने बेदम मारल्याचा आरोप त्यांच्यावर होता. पण चौकशीत विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या आबाळीचाही पाढा वाचला गेला, आणि मुलांना मधूनमधून बिअरवाचून राहावे लागले अशी कबुली ईटन यांच्या पत्नीने दिली. त्या काळी बिअर रोजच्या जेवणाचा भाग होती. ती न मिळणे हा कॉलेजचा दोष ठरे. तिथपासून आजवर अमेरिकेतल्या कॉलेजांचे दारूशी असलेले नाते अनेकदा पालटले. अलीकडे त्यात स्मार्टफोनवरच्या खेळांची भर पडली आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी फोनवर एक खेळ खेळावा आणि त्यातून त्यांचे पिणे कमी व्हावे, असा काही संशोधकांचा प्रयत्न आहे. प्रथम ऐकणाऱ्याला तो पोरकट वाटणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे असे, की या खेळामागची कल्पना जवळजवळ दोनशे वर्षे जुनी आहे. आणि तिचे मूळ शोधायचे तर बोधपर पटांपेक्षा विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन घेतलेल्या शपथांकडे पाहावे लागते.

पटांचा दावा वरवर बळकट दिसतो. १८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी डब्ल्यू. अँड एस. बी. आइव्ह्ज या प्रकाशकांनी ‘मॅन्शन ऑफ हॅपिनेस’ हा मूळचा इंग्लंडातला पट छापला. सद्गुणाच्या घरात आलेली सोंगटी पुढे जाई, दुर्गुणाच्या घरात सापडलेलीला शिक्षा होई, आणि त्या दुर्गुणांत दारूबाजी होतीच. फासे जुगाऱ्यांचे म्हणून त्यांच्याऐवजी आकडे लिहिलेली भिंगरी फिरवत. १८६० मध्ये मिल्टन ब्रॅडली यांच्या ‘चेकर्ड गेम ऑफ लाइफ’मध्ये अतिमद्यपानाचे घर सोंगटीला दारिद्र्यात नेई आणि जुगाराचे घर सर्वनाशाकडे. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही, कारण सापाच्या तोंडी दुर्गुण आणि शिडीच्या पायाशी सद्गुण मांडणारा मोक्षपट आपल्याकडे होताच. पण दारू सोडवण्याचे साधन म्हणून हे पट पाहिले की त्यांची उणीव लगेच कळते. पिणारा रसातळाला जातो एवढेच ते सांगतात, आणि ते खेळणाऱ्याला आधीच ठाऊक असते. शिवाय सोंगटी कोणत्या घरात पडणार हे बहुतांशी नशीब ठरवते, खेळणाऱ्याच्या निर्णयाला तिथे फारशी जागा नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाने हा उपदेश घरी, शाळेत आणि चर्चमध्ये शंभरदा ऐकलेला असतो.

शपथेचे काम वेगळ्या रीतीने चाले. मॅसॅच्युसेट्समधल्याच ॲमहर्स्ट कॉलेजात १८३० साली ‘अँटिव्हेनेनियन सोसायटी’ नावाची संस्था निघाली. रसायनशास्त्र आणि निसर्गविज्ञान शिकवणारे एडवर्ड हिचकॉक, जे पुढे कॉलेजचे अध्यक्ष झाले, तिच्या पाठीशी होते. सदस्य होणाऱ्याने दारू, अफू आणि तंबाखू वर्ज्य करण्याच्या प्रतिज्ञेवर सही करायची. या चळवळीत धर्माचा आवेश होता, भीती घालणारी व्याख्याने होती, आणि हिचकॉक स्वतः पचनाच्या विकारांबद्दल कळकळीने बोलत. ते सारे पटांच्याच जातीचे. पण सहीचे तसे नव्हते. सही वर्गमित्रांच्या देखत होई, त्यामुळे नव्याने दाखल झालेल्या मुलाला आपल्याभोवती न पिणारे किती आहेत आणि ते कोण आहेत हे कळे. एरवी ही गोष्ट कळायला दुसरा मार्ग नव्हता. शपथेत जे काही बळ होते ते मला या उघडपणात दिसते.

कारण पिणे दिसते आणि ऐकू येते. न पिणे दिसत नाही. शनिवारी रात्री वसतिगृहाच्या जिन्यात आरडाओरडा करणारी चार मुले साऱ्या मजल्याच्या लक्षात राहतात, खोलीत वाचत बसलेली किंवा एका ग्लासावर थांबून झोपायला गेलेली चाळीस कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. विद्यार्थ्यांचे स्वतःचे खेळही याच बाजूचे. विसाव्या शतकाच्या मध्यास डार्टमथ कॉलेजात रूढ झालेला बिअर पाँग घ्या: टेबलावर मांडलेले पेले, भोवती जमलेली गर्दी, आणि न खेळणारा आपोआप चित्राबाहेर. कायद्याने यात फारसा फरक पडला नाही. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात कोटाच्या खिशातली चपटी बाटली तरुणांत मिरवण्याची वस्तू झाली. १९७१ मध्ये मतदानाचे वय अठरावर आले तेव्हा अनेक राज्यांनी पिण्याचे वयही खाली आणले. पुढे १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने, महामार्गांचा निधी कापण्याचा धाक घालून, ते एकवीसवर नेणारा कायदा झाला आणि १९८८ पर्यंत सर्व राज्ये त्यात आली. या कायद्याने रस्त्यावरचे तरुणांचे मृत्यू घटवले. त्याचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पण कॉलेजांच्या आवारात दारू बंद दारांआड गेली, आणि बंद दारामागे काय चालले असेल याची कल्पना प्रत्यक्षापेक्षा मोठी होत गेली असावी. १९९३ मध्ये हार्वर्डच्या हेन्री वेक्स्लर यांनी १४० कॉलेजांतल्या सतरा हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी केली. एका बैठकीत मुलग्यांनी पाच किंवा अधिक, मुलींनी चार किंवा अधिक पेले पिणे अशी त्यांची कसोटी होती, आणि तीत ४४ टक्के विद्यार्थी बसले. तो आकडा देशभर गाजला. उरलेल्या ५६ टक्क्यांची बातमी झाली नाही.

अशा उरलेल्यांकडे त्याआधीच लक्ष वेधले होते ते वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ या संशोधकांनी. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातला निष्कर्ष या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो. विचारलेल्या विद्यार्थ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिकांचे मत होते, की झिंगेपर्यंत कधीच पिऊ नये किंवा क्वचित, मर्यादित प्रसंगीच प्यावे. पण याच विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांशांना वाटत होते, की आपल्या सोबत्यांना वारंवार झिंगणे किंवा अभ्यास बुडेपर्यंत पिणे मान्य आहे. म्हणजे बहुसंख्य मुले स्वतःला अल्पसंख्य समजत होती, आणि त्या समजुतीने पेला हातात घेत होती. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात मायकेल हेन्स यांनी हे ताडून पाहिले. १९८८ च्या पाहणीत तिथल्या विद्यार्थ्यांना सुमारे ७० टक्के सोबती बेसुमार पिणारे वाटत. प्रत्यक्षात ते प्रमाण ४३ टक्के होते. खरा आकडा भित्तिपत्रकांतून आणि विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातून सतत छापला गेला, आणि पुढच्या काही वर्षांत बेसुमार पिणारे ३४ टक्क्यांच्या आसपास आले.

भित्तिपत्रकावरून संगणकावर आणि तिथून फोनवर, हा पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लॅट आणि सहकाऱ्यांनी समुपदेशकाच्या एक-दोन भेटींची पद्धत बसवली होती. तिच्यात विद्यार्थ्याला त्याचे स्वतःचे पिणे, सोबत्यांबद्दलचा त्याचा अंदाज आणि खरा आकडा शेजारीशेजारी दाखवत. २००४ मध्ये संशोधकांनी दाखवले, की हेच काम संगणकाच्या पडद्यावरही होते आणि त्याचा परिणाम सहा महिन्यांनीही आढळतो. अडचण दोन ठिकाणी येई: मुले तो तक्ता नीट वाचत नसत, आणि वाचला तर त्यावर विश्वास ठेवत नसत. लॉस एंजेलिसच्या लॉयोला मॅरिमाउंट विद्यापीठात जोसेफ लॅब्री आणि सहकाऱ्यांनी इथे खेळ आणला. सोबती काय करतात याचा अंदाज बांधायचा, त्यावर गुण पणाला लावायचे, मग खरे उत्तर पाहायचे. दारूचे प्रश्न कॉलेजजीवनातल्या इतर प्रश्नांत मिसळलेले असतात, त्यामुळे कोणी धडा देत आहे असे वाटत नाही. स्वतः पैज लावून चुकलेला माणूस उत्तर विसरत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या चाचणीत दोन आठवड्यांनंतर साध्या तक्त्यापेक्षा खेळाचा परिणाम अधिक दिसला. मुदत लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

फोनच ही करामत करतो असे कोणी म्हणेल तर स्वीडनचे उदाहरण पुरेसे आहे. तिथल्या सरकारी मद्यविक्री कंपनीने रक्तातल्या अल्कोहोलचा अंदाज देणारे ‘प्रोमिलेकोल’ हे ॲप काढले होते. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर त्याची रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, आणि ते वापरणाऱ्या मुलग्यांत पिण्याचे प्रसंग वाढलेले आढळले. त्या ॲपमध्ये स्वतःचा आकडा होता, सोबत्यांचा नव्हता. माझ्या मते फरक तिथेच आहे.

याहून गंभीर आक्षेप आकडेवारीचे आहेत. स्वतः वेक्स्लर यांनी २००३ मध्ये खरा आकडा सांगण्याच्या मोहिमा राबवणाऱ्या ३७ कॉलेजांची ६१ इतर कॉलेजांशी तुलना केली आणि त्यांना लाभ दिसला नाही. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेने सत्तरेक चाचण्या एकत्र तपासून परिणाम नगण्य ठरवला. शिवाय नॉर्दर्न इलिनॉयमधल्या या कामाच्या केंद्राला अनहॉयझर-बुश या बिअर कंपनीचा पैसा होता, आणि बहुतेक विद्यार्थी बेताने पितात हे वाक्य त्या कंपनीच्या सोयीचे आहे, ही शंका रास्त आहे. अशा पैशाशिवाय हे काम व्हावे, असे मला ठामपणे वाटते. पण वाक्य कोणाच्या सोयीचे आहे यावरून ते खोटे ठरत नाही. ते त्या त्या कॉलेजच्या पाहणीवरूनच ठरते. परिणाम लहान आहे हेही मान्य. मात्र २००२ च्या राष्ट्रीय कृतिदलाच्या अहवालात दारूशी निगडित कारणांनी दरवर्षी सुमारे १,४०० विद्यार्थी दगावतात असा अंदाज होता. जे साधन अत्यल्प खर्चात प्रत्येक नवागतापर्यंत पोहोचते, त्याचा लहान परिणामही टाकून देण्याजोगा नाही.

उरतो तो संशोधक विल्यम डीजाँग यांच्या अभ्यासांचा पुरावा. १८ कॉलेजांतली त्यांची पहिली चाचणी यशस्वी झाली, इतर कॉलेजांतली दुसरी फसली. आणि नंतरच्या विश्लेषणात असे दिसले, की कॉलेजच्या परिसरात दारूची दुकाने आणि बार दाट असतील तिथे खऱ्या आकड्याचा प्रभाव पडत नाही. याने माझे म्हणणे खोडले जात नाही, त्याची मर्यादा मात्र कळते. फाटकाबाहेर रोज रात्री भरलेले बार नवख्या मुलाच्या डोळ्यांसमोर असतील, तर फोनवर अधूनमधून दिसणारा आकडा त्यांच्यापुढे टिकणार नाही. अशा गावात दारूच्या परवान्यांचा प्रश्न कॉलेजला नगरपालिकेपुढेच न्यावा लागेल, आणि तो नेताना हीच पाहणी, न पिणाऱ्यांच्या संख्येसकट, सोबत न्यावी लागेल.