राजधानी भोपाळ : विस्तार आणि अशांतता

मराठी माणसाला भोपाळचे नाव प्रथम भेटते ते थोरल्या बाजीरावांच्या चरित्रात. १७३७ च्या डिसेंबरात निजामाने आपल्या फौजेसह याच नगराचा आश्रय घेतला. पेशव्यांनी त्याची रसद तोडली आणि जानेवारी १७३८ मध्ये त्याला दुराईसराईचा तह करणे भाग पडले. आतल्या माणसांचा निर्वाह होत नसेल, तर तट कितीही भक्कम असला तरी व्यर्थ होय, हा त्या वेढ्याचा धडा. या नगराचा अलीकडील इतिहास पाहू लागलो की तोच धडा पुन्हा आठवतो.

१८१९ ते १९२६ या काळात येथे चार बेगमांनी क्रमाने राज्य केले. त्यांच्यानंतर नवाब हमीदुल्लाखान गादीवर आले. स्वातंत्र्यानंतर संस्थानाचे विलीनीकरण लांबले, तेव्हा प्रजेने चळवळ आरंभिली. १४ जानेवारी १९४९ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, नर्मदाकाठच्या बोरास येथे गोळीबार होऊन तरुणांचे प्राण गेले. त्याच वर्षी १ जून रोजी संस्थानाचा कारभार भारत सरकारच्या हाती आला.

१९५१ साली भोपाळची लोकसंख्या लाखाच्या थोडी वर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे नगर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील कित्येक मराठी कर्मचारी आपले बिऱ्हाड घेऊन येथे आले. त्यांच्यासाठी सरकारी निवासस्थाने उठली. एका वसाहतीस तात्या टोपे यांचे नाव मिळाले. विजेची अवजड यंत्रे बनविणारा सरकारी कारखानाही याच सुमारास आला. १९६१ मध्ये वस्ती सव्वादोन लाखांच्या घरात पोहोचली, १९८१ मध्ये पावणेसात लाखांच्या आसपास गेली आणि २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांच्या जवळ आली.

शासनाने अधिकाऱ्यांची आणि कारकुनांची घरे नकाशावर आखली. परंतु ती घरे बांधणारा गवंडी, विटा वाहणारा मजूर, भांडी घासणारी बाई यांनी राहावे कोठे, याचा विचार मागे पडला. ती माणसे मिळेल त्या मोकळ्या जागेवर झोपडी घालून राहिली. वेगाने वाढलेल्या राजधान्यांतून हेच घडते. प्रशांत महासागरातील पापुआ न्यू गिनी हा देश १९७५ मध्ये स्वतंत्र झाला. त्याची राजधानी पोर्ट मोर्स्बी हिच्याभोवतीही मान्यतेवाचून वस्त्या वाढल्या. १० जानेवारी २०२४ रोजी वेतनकपातीच्या तक्रारीवरून तेथील पोलिसांनी काम थांबविले. त्याच दिवशी दुकाने लुटली गेली, जाळली गेली आणि दुसऱ्या दिवशी आणीबाणी पुकारावी लागली. जेथे शांतता केवळ पहाऱ्यावर उभी असते, तेथे पहारा उठताच ती नाहीशी होते.

भोपाळात १९८४ हे वर्ष या दृष्टीने विसरण्याजोगे नाही. त्या वर्षी मध्य प्रदेशाने कायदा करून १० एप्रिल १९८४ रोजी शहरांत सरकारी जमिनीवर राहत असलेल्या भूमिहीनांना पट्टे देण्याची तरतूद केली. झोपडीवाल्याच्या हाती प्रथमच कागद येणार होता. परंतु त्याच वर्षी, २ डिसेंबरच्या मध्यरात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. कारखान्यासमोरच्या जयप्रकाशनगरासारख्या गरीब वस्त्यांवर त्याचा पहिला घाला पडला. सरकारी मोजणीनेही मृतांचा आकडा हजारांत आहे. जागेचा हक्क मिळू लागला होता, परंतु शेजारच्या भिंतीआड काय साठविले आहे हे जाणण्याचा हक्क मिळाला नव्हता.

पुढे डिसेंबर १९९२ मध्ये, अयोध्येच्या घटनेनंतर, येथे दंगली उसळून शंभराहून अधिक माणसे मारली गेली. जुन्या शहराबरोबर नव्या वसाहतीही त्यात होरपळल्या. आखीव रस्ते आपोआप शेजारधर्म निर्माण करीत नाहीत, हे तेव्हा उघड झाले.

डिसेंबर २०२१ मध्ये भोपाळास पोलीस आयुक्तालय मिळाले. पोलिसांची व्यवस्था हवीच, याविषयी दुमत नाही. परंतु आयुक्तालय हा आधुनिक काळाचा तट आहे. तटाच्या आतील प्रत्येकाला घर, पाणी, निर्भय हवा आणि विश्वासाचा शेजारी लाभला, तरच तो तट टिकतो. राजधानी एका आदेशाने होते, नगर मात्र सर्वांना सामावून घेतल्यानेच घडते.