कौल आणि सीमा

नागपूर-छिंदवाडा मार्गावर सौंसरजवळ जामसांवली हे गाव आहे. तेथील पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनास महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांतून भाविक येतात. १९५६ पूर्वी मात्र येथे राज्यसीमा नव्हती. नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मराठीभाषी सौंसर-पांढुर्णा भाग छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशातच राहिला. त्यासाठी सार्वमत झाले नव्हते.

ते झाले असते, तर केवळ भाषेनेच कौल ठरला असता काय? १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात महाराष्ट्रातील विलीनीकरणावर मतदान झाले. विलीनीकरणास १,३८,१७०, तर केंद्रशासित राहण्यास १,७२,१९१ मते पडली. मोठ्या राज्यात आपला आवाज लोपेल, ही भीती अनेकांच्या मनात होती.

२०१६ साली ब्रिटनमध्ये सुमारे ५२ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. व्यापारहानीचे इशारे त्यांनी ऐकले होते. तरीही बाहेरून येणाऱ्यांची चिंता आणि आपले कायदे आपणच करावेत ही इच्छा अधिक प्रबळ ठरली.

मनुष्य केवळ लाभहानी मोजून मत देत नाही; निर्णय घेणारी सत्ता आपल्यापासून किती दूर आहे, हेही तो पाहतो. सौंसर-पांढुर्णा भागाचा २०२३ साली स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य तेच राहिले. कचेरी मात्र जवळ आली.