पाचवे शील : दारूचे दुष्परिणाम

पंचशीलातील पाचवे शील मद्यपानापासून अलिप्त राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागत बुद्धांनी सिगाल या तरुणाला मद्यपानाचे सहा तोटे सांगितले : धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. यातील पहिले दोन घरच्यांनाच जास्त भोगावे लागतात. मजुरी गुत्त्यावर संपली की मुलांची फी थकते आणि मार आईला बसतो.

दारूमुळे यकृत निकामी होते. तोंड, अन्ननलिका, यकृत व स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हातभट्टीत मिथेनॉल मिसळले असेल तर शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, दृष्टी जाते, जीवही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने १०० हून अधिक बळी घेतले.

रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. म्हणून त्याला दोष देत बसू नका, डॉक्टरांकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात न्या. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते.

परवानाधारक दुकानाबाबत कायदा महिलांच्या बाजूने आहे. प्रभागातील गुप्त मतदानात नियमात ठरलेल्या बहुमताने ‘आडवी बाटली’ निवडली गेली, तर दुकान बंद होते. सोनिवलीसारख्या शहरी वस्तीतील युवकांनी या मागणीसाठी सह्या गोळा करण्यास हातभार लावावा. शील विहारात म्हणायचे आणि वस्तीत पाळायचे असते.