मोहल्ल्याचे राजकारण आणि भिवंडीचा धडा

राजकारण हा शब्द आपल्या समाजात दोन अर्थांनी चालतो. एक दिल्लीचे राजकारण. शाहबानो, बाबरी मशीद, सच्चर समिती, आरक्षण यांवर आपल्याकडे हॉटेलात, ओट्यावर, लग्नाच्या मांडवात तासन् तास बोलले जाते. दुसरे गल्लीतले. तुंबलेले गटार, दोन दिवस न आलेले पाणी, कब्रस्तानच्या भिंतीचा वाद, रेशनकार्डावरून कमी झालेले नाव. याला आपण राजकारण म्हणतच नाही. ते 'नगरसेवकाचे काम' असते आणि नगरसेवकाकडे जाणारा माणूस 'चमचा' ठरतो. 'सियासत शरीफांचे काम नाही' असे म्हणून घरातल्या शिकल्या-सवरल्या मुलाला त्यापासून लांब ठेवले जाते. मग ही जागा कोण भरतो, हे सर्वांना माहीत आहे.

या दुसऱ्या राजकारणाचाही एक इतिहास आहे, पण तो फारसा लिहिला गेलेला नाही. मुस्लिम राजकारणाचा इतिहास म्हटला की १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणा, लखनौ करार, खिलाफत, लीग आणि फाळणी एवढेच आपल्या पाठ्यपुस्तकात येते. १९०९ पासून स्वतंत्र मतदारसंघ होते. मुस्लिम मतदार मुस्लिम उमेदवाराला मत देई, त्यामुळे शेजारच्या हिंदू मोहल्ल्याशी बोलण्याची उमेदवाराला गरजच नव्हती. स्वातंत्र्यानंतर संयुक्त मतदारसंघ आले आणि चित्र पालटले. आता एकाच वॉर्डात दोन्ही समाजांची मते मागावी लागत. लोकशाहीच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. परंतु प्रत्यक्षात ते मागणे मोहल्ल्याच्या प्रमुखामार्फत होऊ लागले. जमातीचा सदर, बिरादरीचा सरदार किंवा एखादा वजनदार कारखानदार 'आमची इतकी मते' असे सांगे आणि पक्ष त्याच्याशी बोलणी करी. मतदाराशी पक्षाचा संबंध पाच वर्षांतून एकदा, तोही या मधल्या माणसामार्फत. ज्याला आपण व्होट बँक म्हणून ऐकतो आणि चिडतो, तिचे गल्लीतले रूप हेच होते.

भिवंडी हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कोकणी मुसलमान येथले जुने रहिवासी. त्यांची घरची बोली मराठीच. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, आसपासच्या गावांतले आगरी, व्यापारी गुजराती-मारवाडी अशी सगळी सरमिसळ या गावात झाली. १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपानंतर येथला यंत्रमागाचा धंदा आणखी फुगला. मालक एका समाजाचा, कामगार दुसऱ्याचा, सूत देणारा व्यापारी तिसऱ्याचा, असा हा एकमेकांत गुंतलेला व्यवहार होता. एकत्र धंदा करणारे एकमेकांचे गळे कापत नाहीत, अशी आपली एक भाबडी समजूत असते. भिवंडीने ती दोनदा खोटी ठरवली.

पहिल्यांदा ७ मे १९७० रोजी. शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली आणि जळगाव, महाडपर्यंत गेली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मिरवणूक काढणाऱ्या राष्ट्रीय उत्सव मंडळाच्या भूमिकेवर आयोगाने ठपका ठेवला. दंगलीनंतर नेमलेल्या पोलिसांच्या विशेष तपास पथकाने पक्षपात केला, हेही स्पष्ट शब्दांत लिहिले. हा अहवाल आपल्या लोकांनी वाचलेला नाही. वाचायला हवा, आणि केवळ आपल्यावरचा अन्याय सरकारी कागदावर नोंदला गेला म्हणून नव्हे. मिरवणुकीच्या आधी गावात बैठका झाल्या होत्या, दोन्ही बाजूंचे प्रतिष्ठित बसले होते, बोलले होते. आणि तरीही गाव जळाले. शांतता समिती होती, शांतता नव्हती.

दुसऱ्यांदा मे १९८४ मध्ये. त्याआधी एप्रिलमध्ये मुंबईतल्या एका जाहीर सभेत झालेल्या भाषणावरून वातावरण तापले होते. निषेध झाले, बंद झाले, मग भिवंडीत झेंड्यांवरून वाद झाला आणि ठिणगी पडली. आग ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत पसरली. सरकारी आकड्यांनुसारही अडीचशेहून अधिक माणसे गेली. १९७० नंतरच्या चौदा वर्षांत निवडणुका झाल्या होत्या, सर्व पक्षांच्या शाखा होत्या, दोन्ही समाजांचे पुढारी एकमेकांच्या ईद-दिवाळीला जात होते. पुढाऱ्यांची ही ये-जा गल्लीपर्यंत पोहोचलीच नव्हती.

यानंतर १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी जुन्या दंगलींच्या नोंदी काढून पाहिल्या. त्यांना दिसले ते असे की, मोठ्या दंगलीच्या मुळाशी पुष्कळदा अगदी क्षुल्लक भांडण असते, आणि ते मिटवायला त्या वेळी त्या ठिकाणी कोणीही नसते. पोलीस येतात ते लाठी घेऊन, पुढारी येतात ते पंचनामा झाल्यावर. म्हणून त्यांनी शहराची लहान लहान विभागणी करून सुमारे सत्तर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. कमिटीत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने घेतले. सदस्य निवडताना मोठ्या नावांपेक्षा त्या गल्लीत रोज राहणाऱ्या साध्या माणसांवर भर दिला. बैठक बोलवायची जबाबदारी त्या भागातल्या पोलीस अधिकाऱ्याची. सण जवळ आला की नव्हे, तर नियमितपणे.

या बैठकांचे विषय पाहिले तर हसू येईल. मुलांच्या खेळावरून झालेली बाचाबाची, रस्त्यात लावलेला हातगाडा, सांडपाणी, भाडेकरू-मालक, लाउडस्पीकर. पण हेच राजकारण आहे, आणि आपण ज्याला राजकारण म्हणतो त्यातले बरेचसे नुसते भाषण आहे, असे मला वाटते. ज्याच्याशी गटाराबद्दल चार वेळा भांडून मग तोडगा काढला, त्या माणसाचे नाव, घर आणि स्वभाव आपल्याला माहीत होतो. अफवा आली की त्याच्याकडे जाता येते. पोलिसांच्या बाबतीतही तेच. १९७० आणि १९८४ नंतर आपल्या वस्तीत खाकी कपड्याबद्दल भीती आणि राग याशिवाय काही उरले नव्हते. आता तोच हवालदार आपल्या शेजारी बाकावर बसून पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होता. पोलिसालाही आपला मोहल्ला प्रथमच माणसांनी भरलेला दिसला असेल.

परीक्षा डिसेंबर १९९२ मध्ये झाली. बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारीच्या दोन फेऱ्यांत मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली, त्यांतले ५७५ मुसलमान होते, ही श्रीकृष्ण आयोगाची आकडेवारी आहे. मुंबईपासून तासाभराच्या अंतरावरची, दोन दंगलींनी बदनाम झालेली भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांच्यानंतर उपायुक्त म्हणून आलेले गुलाबराव पोळ यांनी कमिट्यांचे काम चालू ठेवले होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. पुढे खोपडे यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे. मुंबईतही १९९४ पासून ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू झाली.

आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भिवंडीची दखल घेतली आहे. त्यांचे मुख्य म्हणणे असे की, खेड्यात रोजचा शेजारधर्म शांतता राखायला पुरतो, शहरात तो पुरत नाही. शहरात दोन्ही समाजांची माणसे एकत्र असलेल्या संघटना लागतात. पक्ष, युनियन, व्यापारी मंडळ, वाचनालय, काहीही. आपल्याकडे या मुद्द्याची फार गरज आहे. आपण 'आमचे हिंदूंशी चांगले संबंध आहेत' असे म्हणतो, तेव्हा आपल्या मनात शेवया आणि फराळाची देवघेव असते. ती हवीच. पण एकाच संस्थेत सभासद, एकाच रजिस्टरवर सह्या, असे किती जणांचे आहे? आपल्या अंजुमन वेगळ्या, त्यांची मंडळे वेगळी. शाळांचेही तसेच आहे, आणि उर्दू शाळेत शिकवणाऱ्याने ते कबूल केले पाहिजे.

आता या कहाणीची दुसरी बाजू. मोहल्ला कमिटी पोलिसांनी काढली होती. खुर्ची पोलिसांची, बैठक पोलिसांची, नोंदवही पोलिसांची. अधिकारी कळकळीचा असेपर्यंत ती चालली. अधिकारी बदलले तसा जोर ओसरला. कुठे ती सणापुरती उरली, कुठे ओळखपत्र खिशात घालून मिरवणाऱ्यांची झाली. सदस्य म्हणजे पोलिसांचा खबरी, असा संशयही मोहल्ल्यात घेतला गेला, आणि तो नेहमीच निराधार होता असे म्हणता येणार नाही.

५ जुलै २००६ ला याची किंमत दिसली. कब्रस्तानालगतच्या जागेत पोलीस ठाण्याची इमारत बांधण्यावरून भिवंडीत वाद पेटला. गोळीबारात दोन माणसे गेली आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. जागेचा वाद, कब्रस्तानाचा वाद, शासन आणि वस्ती यांच्यातला वाद. कमिटी ज्यासाठी जन्मली होती तो हाच प्रकार. पण या वेळी पोलीस स्वतःच एक पक्ष होते. बैठक बोलवणाराच वादी असेल तर बैठक कोण बोलवणार? एक गोष्ट मात्र नोंदली पाहिजे. हा प्रकार हिंदू-मुस्लिम दंगलीत बदलला नाही. १९८८ पासून लागलेली सवय काही प्रमाणात शिल्लक होती, असा माझा समज आहे.

मग पक्षांचे काय? भिवंडीत मुसलमान पक्षांपासून दूर होते असे मुळीच नाही. काँग्रेस, समाजवादी आणि इतर पक्षांत ते भरपूर होते आणि आहेत. २००९ मध्ये समाजवादी पक्षाचे अबू आसिम आझमी भिवंडी पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर अशा दोन्ही ठिकाणांहून विधानसभेवर निवडून आले. त्यांनी मानखुर्द ठेवले, भिवंडी सोडली. २०१० च्या पोटनिवडणुकीत भिवंडीची ती जागा शिवसेनेने जिंकली. दोन्ही जागा जिंकल्यास एक सोडावीच लागते, यात बेकायदेशीर काही नाही. पण मतदाराला काय वाटले असेल याचा विचार पक्षाने केला असता तर उमेदवार मोहल्ल्यातून घेतला असता. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत काँग्रेसला ९० पैकी ४७ जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत मिळाले. डिसेंबर २०१९ मध्ये महापौर निवडताना त्याच काँग्रेसचे १८ नगरसेवक फुटले आणि महापौरपद दुसऱ्या आघाडीकडे गेले. ज्यांनी रांगेत उभे राहून मते दिली, त्यांना हे वर्तमानपत्रातून कळले. जून २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षे व त्याहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात गटार तुंबले तर नगरसेवकही नव्हता.

आम्हा शिक्षकांना मतदारयादीच्या कामासाठी दारोदार फिरावे लागते. त्या वेळी जे दिसते ते कोणत्याही पुस्तकात नाही. एकाच घरातल्या तीन भावांच्या आडनावांची स्पेलिंग तीन, सून दहा वर्षांपूर्वी आली तरी नाव माहेरच्या गावी, भाड्याच्या खोलीत वीस वर्षे राहणाऱ्याकडे पत्त्याचा एकही कागद नाही. महापालिकेची नोटीस मराठीत येते आणि ती वाचून घ्यायला लोक शाळेतल्या मास्तरांकडे येतात. भिवंडीच्या जुन्या कोकणी घरांना ही अडचण नव्हती, म्हणून नगरपालिकेच्या राजकारणात ते आधी स्थिरावले, असे तिथले जाणकार सांगतात. मोहल्ल्यात पक्षाचे काम करणाऱ्याला चांगले मराठी वाचता-लिहिता येणे हे भाषणापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. आमच्या उर्दू शाळांत मराठीचा तास आहे, पण नोटीस, अर्ज, सभेचा अहवाल हे त्या तासाला कोणी शिकवत नाही.

कायद्याने दिलेल्या जागा मात्र वाढल्या आहेत. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तीन लाखांवरच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद आली. स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा आल्या, २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. आपल्या मोहल्ल्यांतून मोठ्या संख्येने स्त्रिया नगरसेविका झाल्या. बॅनरवर त्यांचा फोटो लहान आणि पतीचा मोठा असतो हे खरे, तरीही सभागृहात हात वर करायला त्यांनाच जावे लागते. काही जणी दुसऱ्या खेपेला स्वतः बोलू लागल्या, हेही दिसते.

२००९ मध्ये महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद झाली. मतदान केंद्राच्या परिसरातले सर्व मतदार हे तिचे सभासद आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष. म्हणजे मोहल्ला कमिटीच, पण पोलिसांच्या खुर्चीशिवाय, आणि मागून मिळणारी नव्हे, हक्काची. कागदावर ती आहे. बहुतेक शहरांत ती भरलेलीच नाही. नगरसेवकांना ती नको आहे, कारण समोर बसलेल्या मतदाराला हिशेब द्यावा लागेल. मतदारांना ती आहे हेच ठाऊक नाही. मोहल्ल्यातल्या दहा-वीस माणसांनी सही करून आपल्या नगरसेवकाकडे क्षेत्रसभा बोलवण्याचा अर्ज द्यायला खर्च एका कागदाचा येतो. अर्ज मराठीत लिहावा, पोहोच घ्यावी आणि सह्यांमध्ये पलीकडच्या गल्लीतली नावेही असावीत.