मानमोडी : १९१८ च्या तापाची लक्षणे कोणाची लिहिली गेली, कोणाची राहिली?

१/
सरकारी कागदांत त्या आजाराचे नाव 'इन्फ्ल्युएन्झा' असे होते. मराठी मुलखातल्या लोकांनी मात्र त्याला स्वतःचे नाव दिले : मानमोडी. मान मोडून टाकणारा ताप. हे नाव देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रुग्णालयाची पायरीही चढली नसेल, पण रोगाचे एक लक्षण त्यांनी नावातच नोंदवून ठेवले आहे.

२/
आजच्या थ्रेडचा विषय हाच. नवा श्वसनरोग आला की डॉक्टर प्रथम दाखल रुग्णांची लक्षणे लिहून काढतात : ताप किती, खोकला कसा, श्वास किती भरतो, कोण वाचले, कोण गेले. १९१८ मध्ये मुंबईत हे घडले. आणि त्याच वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या परभणीत? तिथपर्यंत आपण शेवटी पोहोचू.

३/
१० जून १९१८. मुंबईत पोलीस दलातले सात शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. ताप हिवतापाचा वाटत नव्हता. पुढच्या काही दिवसांत जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या, पोर्ट ट्रस्ट, बँक, टपाल-तार खाते, टांकसाळ, कापड गिरण्या अशा एकेका ठिकाणचे लोक आजारी पडू लागले.

४/
मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांचे मत होते की मे महिन्याच्या अखेरीस बंदरात आलेल्या सैनिकी जहाजाबरोबर हा रोग शहरात उतरला. वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांना ते पटले नाही. जहाजावरच्या लोकांनाच मुंबईत लागण झाली, असा त्यांचा प्रतिवाद. महायुद्ध सुरू असताना सैनिकी जहाजावर ठपका येणे कोणाला परवडणारे नव्हते, हे हा वाद वाचताना ध्यानात ठेवावे. गोदीवरचा शिपाई पहिल्या सातांत असावा, ही गोष्ट मला टर्नरच्या बाजूला झुकवते.

५/
('स्पॅनिश फ्लू' या नावाविषयी एवढेच : स्पेन युद्धात तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धकालीन सेन्सॉर नव्हता, म्हणून बातम्या तिथून आल्या. रोग स्पेनचा नव्हे.)

६/
जूनची लाट तुलनेने सौम्य होती. एकाएकी थंडी वाजून ताप चढे. डोके, डोळ्यांच्या खोबणी, कंबर, हातपाय असह्य ठणकत. घसा कोरडा, खोकला कोरडा. तीन-चार दिवसांत ताप उतरे आणि मागे विलक्षण अशक्तपणा राही. मानमोडी हे नाव या अवस्थेला किती चपखल बसते पाहा. रुग्णाला मान सावरून बसणेही कठीण.

७/
सप्टेंबरमध्ये तो परतला तेव्हा त्याचे रूप पालटले होते. आरंभ तोच, थंडी आणि अंगदुखी. पण काही रुग्णांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरण्याऐवजी श्वास वाढू लागे. फुप्फुसांत दाह पसरे. खोकल्यातून फेसाळ, रक्तमिश्रित बेडका पडे. नाकाचा घोळणा फुटे. रुग्ण बरळू लागे.

८/
आणि मग रंग. ओठ, कान, नखे निळसर पडत आणि ती जांभळी झाक चेहराभर पसरे. युरोपातल्या लष्करी रुग्णालयांतील डॉक्टरांनी या रंगाला एका जांभळ्या फुलाचे नाव दिले होते. हा रंग चढलेला रुग्ण क्वचितच वाचे. सावळ्या कातडीवर तो चटकन दिसत नाही; ओठ, जीभ आणि नखांची मुळे पाहावी लागतात. रक्तातला प्राणवायू मोजण्याचे दुसरे सुटसुटीत साधन तेव्हा नव्हते.

९/
डॉक्टरांना चक्रावून टाकणाऱ्या आणखी दोन गोष्टी होत्या. ताप इतका असूनही नाडी त्या मानाने मंद चाले. आणि नेहमीच्या न्यूमोनियात रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात, इथे त्या बहुधा घटलेल्या आढळत.

१०/
कारण कोणालाच ठाऊक नव्हते. त्या काळी 'फायफरचा जंतू' हा एक जिवाणू इन्फ्ल्युएन्झाचे मूळ मानला जाई. त्यावर बेतलेल्या लशी जगभर तयार झाल्या, मुंबईत परळच्या प्रयोगशाळेनेही (आजची हाफकिन संस्था) लस बनवली. पण खरा अपराधी होता विषाणू, आणि माणसातला इन्फ्ल्युएन्झा विषाणू प्रथम वेगळा काढला गेला तो १९३३ साली, लंडनमध्ये.

११/
मात्र जिवाणूंमागे लागलेले ते डॉक्टर अगदीच वाट चुकले होते असे म्हणता येत नाही. त्या काळात जतन केलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले की बहुतेक मृत्यूंत विषाणूने वाट मोकळी केली आणि घशातल्या नेहमीच्या जिवाणूंनी न्यूमोनिया करून घाव पुरा केला. प्रतिजैविके तेव्हा अस्तित्वातच नव्हती. क्विनीन, ॲस्पिरिन, कापूर, पोटॅशियम परमँगनेटच्या गुळण्या, एवढाच दारूगोळा.

१२/
६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले.

१३/
कोण मेले? फ्लू एरवी तान्ह्या मुलांना आणि वृद्धांना नेतो. हा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना नेत होता. गर्भवती स्त्रियांचे हाल सर्वाधिक. हिंदुस्थानात तर एकूणच पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. इतर अनेक देशांत असे झाले नाही. कुपोषण आणि घरातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा ही कारणे तेव्हाही सांगितली गेली. तरुणांच्या मृत्यूंचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. बालपणी वेगळ्या जातीच्या फ्लूची गाठ पडल्याने त्यांच्या शरीराची तयारी चुकीची झाली होती, असा एक तर्क आहे.

१४/
मुंबईच्या नोंदी एक गोष्ट लख्ख सांगतात. साथीतले मृत्यू, दर हजारी : युरोपीय ८.३, पारशी ९.०, सवर्ण हिंदू १८.९ आणि तत्कालीन नोंदींत 'खालच्या जातीचे' म्हणून लिहिलेले हिंदू ६१.६. विषाणू तोच, शहर तेच. चाळीतली खोली, अन्न, औषध आणि शुश्रूषेला माणूस असणे-नसणे यांत सातपटींहून अधिक अंतर पडले. लक्षणांच्या कोणत्याही तक्त्याहून मला ही चार आकड्यांची ओळ अधिक बोलकी वाटते.

१५/
आता परभणी. मुंबईहून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मनमाड. तिथून १९०० च्या सुमारास सुरू झालेली निजामाची हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे : औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड, सिकंदराबाद. मनमाड ते परभणी सुमारे २९० किलोमीटर. साथ पसरवण्यात रेल्वेचा मोठा वाटा होता, हे ब्रिटिश हिंदुस्थानचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनीही मान्य केले होते. मुंबईत गिरण्या थंडावल्या की माणसे गावाकडे निघत, आणि ताप त्यांच्याबरोबर डब्यात बसे.

१६/
तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात आजचा हिंगोलीही होता (तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला). म्हणजे जिल्ह्याची उत्तर सीमा वऱ्हाडाला भिडलेली. आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. पश्चिमेकडून रेल्वे, उत्तरेकडून वऱ्हाड, असा हा जिल्हा दोन्हींच्या बेचक्यात होता.

१७/
त्यात पाऊस नाही. १९१८ चा मान्सून गेल्या दीडशे वर्षांतल्या सर्वांत वाईट मान्सूनांपैकी एक. युद्धामुळे धान्य आधीच महागलेले, खरीप हातचे गेलेले आणि रब्बी ज्वारीच्या पेरणीच्या दिवसांत घरातली कर्ती माणसे अंथरुणाला खिळलेली. उपाशी शरीर आणि न्यूमोनिया यांची गाठ पडल्यावर काय होते, ते निराळे सांगायला नको.

१८/
मग परभणीच्या रुग्णांची लक्षणे कुठे लिहिली आहेत? मुंबईसारखा तपशील मिळत नाही. मुंबईत आरोग्य खाते होते, रुग्णालये होती, मृत्यूची दैनंदिन नोंद होती. संस्थानी खेड्यात जन्म-मृत्यूची नोंद गावकामगारांच्या हाती, आणि साथीत ती लिहिणाराच आजारी. देशभरातल्या मृतांचे अंदाज सुमारे सव्वा कोटीपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत हेलकावतात, त्यामागेही हेच कारण आहे. प्रत्यक्ष नोंदी तोकड्या, म्हणून संशोधक जनगणनेतून उलटा हिशेब मांडतात.

१९/
तोच हिशेब हैदराबाद संस्थानाला लावून पाहू. १९११ ची लोकसंख्या १,३३,७४,६७६. १९२१ ची १,२४,७१,७७०. दहा वर्षांत नऊ लाख माणसे कमी. ही सगळी घट मानमोडीची नव्हे. प्लेग होता, दुष्काळ होता, स्थलांतर होते. पण त्याच दशकात संपूर्ण देशाची लोकसंख्या जेमतेम ०.३ टक्के घटली, तर या संस्थानाची जवळपास ७ टक्के. रुग्णालयाच्या नोंदवहीत ज्यांना जागा मिळाली नाही, ते या वजाबाकीत आहेत.

२०/
१९१८ चा विषाणू पुरता गेला नाही. २००९ मध्ये ज्या 'स्वाइन फ्लू'ने पुण्यात ३ ऑगस्टला देशातला पहिला बळी घेतला, त्या विषाणूच्या काही जनुकांची वंशावळ १९१८ पर्यंत मागे जाते. कोविडचा विषाणू मात्र वेगळ्या कुळातला. तरीही २०२० च्या वॉर्डातले दृश्य १९१८ च्या डॉक्टरला अनोळखी वाटले नसते : चार-पाच दिवस साधा वाटणारा ताप, आणि मग एकाएकी खालावणारा श्वास.

२१/
फरक होता तो बोटाला लावायच्या चिमट्याचा. रक्तातला प्राणवायू नाडीच्या ठोक्यांवरून मोजण्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधले. एप्रिल २०२० मध्ये, त्यांच्या यंत्राची जगाला सर्वाधिक गरज असतानाच, ते वारले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत राज्यभर घरोघरी जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी तपासली गेली. ओठ निळे पडण्याची वाट न पाहता उंबरठ्यावरच आकडा लिहिला जात होता, परभणीच्या खेड्यांतही.

२२/
मराठवाड्यातल्या वाचकांना एक विनंती. त्या काळातल्या कागदांवर इसवी सन नसेल. फसली सन १३२८ शोधा, ते ऑक्टोबर १९१८ मध्ये सुरू झाले. पाटील-कुलकर्ण्यांच्या जुन्या दप्तरांत, सावकारी वह्यांत, भाटांच्या वंशावळींत त्या वर्षी एकाच घरातली दोन-तीन नावे एकदम थांबलेली दिसली, तर गावाचे आणि तालुक्याचे नाव खाली लिहा. घरात कोणी 'मानमोडी' हा शब्द वापरत असल्यास तोही कळवा.