तग धरणाऱ्यांचा इतिहास : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

जुलमी राजवटींविषयी आपण पुष्कळ वाचतो. त्यांच्याखाली जगून निघालेल्या माणसांविषयी फार थोडे. हुकूम कोणी काढला, बंड कोणी केले, फाशी कोणाला झाली, हे पुस्तकांत सापडते. पण हुकूम निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या चुली कशा पेटल्या, बाजाराला कोण गेले, शिपायाने दरडावून विचारले तेव्हा कोणी काय सांगितले आणि काय पोटात ठेवले, याचा इतिहास अजून लिहायचा आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे, शिक्षकांचे आणि जिज्ञासू वाचकांचे मी मनापासून स्वागत करतो. खानदेशातल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत अशा इतिहासाच्या सामग्रीला काही तोटा नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘सर्वंकष सत्ता’ म्हटले की स्टालिनचा रशिया आणि हिटलरची जर्मनी डोळ्यांपुढे येतात. तशी एकपक्षीय, घराघरांत शिरणारी राजवट खानदेशाने पाहिलेली नाही, आणि तुलना ओढून ताणून करू नये. पण त्या राजवटींची काही लक्षणे इथल्या काही माणसांच्या वाट्याला पुरेपूर आली : दाद मागायला जागा नसणे, एकाच्या कृत्याची शिक्षा साऱ्या कुटुंबाला होणे, गाव सोडायलाही परवानगी लागणे, पोटाची नाडी सत्तेच्या हाती असणे. म्हणून इतिहासकार शीला फिट्झपॅट्रिक यांनी १९३० च्या दशकातल्या सोव्हिएत शहरांतल्या रांगा आणि तक्रारअर्ज वाचून जे प्रश्न विचारले, ते आपल्यालाही उपयोगी पडतात. उत्तरे मात्र इथलीच शोधावी लागतील.

सुरुवात १८१८ पासून करावी. पेशवाई संपून खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी कारभार हाती घेतला. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतल्या भिल्लांना नमवण्यासाठी पहिली काही वर्षे फौजा धाडल्या गेल्या आणि डोंगरात जाणारी रसद तोडली गेली. म्हणजे डोंगरातला माणूस सपाटीवरच्या गावाच्या धान्यावर तग धरतो, हे सत्तेने ओळखले होते. केवळ बळाने काम होत नाही असे दिसल्यावर १८२५ मध्ये धोरण बदलले. भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या, जेम्स औट्रम यांनी भिल्लांचीच पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावी झाले. काहींनी वर्दी घातली, काहींनी तगाई घेऊन नांगर धरला, काही डोंगरातच राहिले. यांतल्या कोणाला शूर आणि कोणाला फितूर म्हणायचे?

१८५७ च्या बंडातले एक पुढारी खाज्या नाईक यांचे आयुष्य पाहिले की ही वाटणी किती तोकडी आहे ते कळते. सेंधव्याच्या घाटात ते कंपनीची चाकरी करत. पुढे शिक्षा झाली, नोकरी गेली. १८५७ मध्ये त्यांना पुन्हा कामावर घेतले गेले आणि त्याच वर्षी ते बंडात उतरले. चाकरी आणि बंड या एकाच माणसाच्या एकाच वर्षातल्या गोष्टी होत्या. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीची लढाई झाली, तेव्हा भिल्ल स्त्रियांनाही कैद करण्यात आले. कुटुंब ताब्यात घेऊन पुरुषाला वाकवायचे, ही रीत पुढे जगभरच्या हुकूमशाह्यांनी वापरली.

सत्तेला माणसे आणि जमीन मोजायची असते, आणि मोजले जाणे म्हणजे काय हे लोकांना ठाऊक असते. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, यावल या भागातल्या शेतकऱ्यांनी जमीन मोजणीला विरोध केला, तो मोडायला सरकारला फौज आणावी लागली. मोजणीमागून सारा येतो, हा त्यांचा हिशेब साधा आणि पक्का होता. माणसांची मोजणी याहून कठोर झाली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ज्यांच्यावर तो बसला, त्या जमातींच्या माणसांना जन्मानेच संशयित ठरवून पोलिसांकडे हजेरी लावावी लागे. हा कायदा देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. त्या माणसांकडे पाहण्याची नजर मात्र कायद्याबरोबर गेली नाही. या हजेरीच्या काळात लग्ने कशी जुळली, आजाऱ्याला परगावी कसे नेले, मुलांना आपली ओळख कधी सांगितली आणि कधी लपवली, हे प्रश्न अभ्यासकाची वाट पाहत आहेत.

१९४२ च्या ‘छोडो भारत’ चळवळीविषयी आपल्याला अधिक माहिती आहे. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे साथी गेले. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला. या भूमिगत लढ्यातल्या उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील यांची नावे आदराने घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. पण भूमिगत माणूस रोज जेवतो, कुठे तरी झोपतो, कोणाच्या तरी हाती निरोप धाडतो. त्याच्यामागे एक भाकरी जास्त थापणारी बाई असते, पाहिलेले न पाहिलेसे करणारा शेजारी असतो. पकडले गेले असते तर शिक्षा त्यांनाही झाली असती. त्यांची नावे स्मारकांवर सहसा नसतात.

जुलूम नेहमी परक्या सरकारचाच असतो असेही नाही. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात, जो १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता, आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) आखाजीपर्यंत वर्षभरासाठी बांधलेल्या सालदाराचे, म्हणजे शेतगड्याचे, धान्य, कर्ज, काम आणि मार एकाच मालकाच्या हाती असे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथे मालकांच्या पीक संरक्षण सोसायट्यांची दहशत होती. आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि शेतमजुरांची श्रमिक संघटना यांच्या मागे लोक उभे राहिले, ते काही एका रात्रीत नव्हे. त्याआधीची कित्येक वर्षे जी माणसे मुकाट दिसत होती, ती विचार करत होती, एकमेकांना जोखत होती, उचल घेऊन दिवस काढत होती. ती वर्षे समजून घेतल्याशिवाय पुढचा उठाव समजत नाही.

या सगळ्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. जुलमाखाली कोणी एकट्याने तगत नाही. जगण्यासाठी धान्य लागते, बातमी लागते आणि तोंड बंद ठेवणारी माणसे लागतात. तिन्ही गोष्टी दुसऱ्याकडूनच मिळतात. म्हणूनच क्रूर सत्ता रसद तोडते, खबरे पेरते, कुटुंबाला ओलीस धरते. तिचा खरा घाव माणसामाणसांतल्या भरवशावर असतो. तो भरवसा कुठे टिकला, कुठे तुटला आणि तुटल्यावर पुन्हा कसा जोडला गेला, हा या अभ्यासाचा गाभा आहे.

साधने दोन प्रकारची आहेत. एक, सरकारी कागद : गॅझेटियर, एजन्सीचे अहवाल, खटले. ते सत्तेने आपल्या सोयीने लिहिलेले आहेत, पण ‘गावकरी सहकार्य करत नाहीत’ अशी कुरकूर अधिकारी करतो तेव्हा गावाने काय केले याचा धागा हाती लागतो. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ जुन्या कागदांच्या शिस्तीची ओळख करून घ्यायला उत्तम जागा आहे. दुसरे साधन म्हणजे अहिराणी, भिल्ली, पावरी बोलणाऱ्यांची आठवण : गाणी, कुळकथा, देवस्थानांच्या कहाण्या. त्यांत तारखा चुकतील. भीती कशाची होती आणि आधार कोणाचा होता, हे मात्र सहसा चुकत नाही.

एक पथ्य पाळावे. ज्याने खाली मान घालून दिवस काढले, त्याचा न्याय आपण सुरक्षित खोलीत बसून करू नये. आणि त्याच्या प्रत्येक गप्प राहण्याला प्रतिकार म्हणून गौरवूही नये. काही जण भीतीने गप्प होते, काही स्वार्थाने, आणि काहींनी शेजाऱ्याला खरोखरच विकले. हे सारे लिहावे लागेल. ज्याच्या घरात जाऊन विचारतो, त्याचे नाव छापण्याआधी त्याची संमती घ्यावी, कारण जुने वैर गावात अजून जिवंत असू शकते.

काम खूप आहे आणि हात थोडे आहेत. आपल्या तालुक्यापासून सुरुवात करा. वीरांची नोंद असेल तिथे त्यांना जेवू कोणी घातले ते विचारा. गुन्हेगारांची यादी असेल तिथे ती कोणी, कशासाठी केली ते विचारा. ज्या म्हाताऱ्या माणसांना हे माहीत आहे ती दर वर्षी कमी होत आहेत, म्हणून हे विचारणे पुढच्या सुट्टीवर टाकू नका.